उजवीकडचा तबला

"आज सेट घरी आला पाहिजे," प्रमिला म्हणाली. "दिवाळीला नाही, पाडव्याला नाही, आणि ते तुमचं नवीन काय निघणार आहे ते निघाल्यावरही नाही. आज."

मी अजून स्कूटर स्टँडवर चढवत होतो. ती मुथाशेठच्या रेडिओ-टेपच्या दुकानाच्या पायरीवर उभी होती आणि आत गल्ल्यावर बसलेल्या मुथाशेठला स्वच्छ ऐकू जाईल अशा आवाजात बोलत होती. गिऱ्हाइकानं आपली घाई दुकानदाराला दाखवू नये. मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो आणि बाजारपेठेत हिंडण्यात माझी हयात गेली होती, त्यामुळे ही गोष्ट मला कोणी शिकवायची गरज नव्हती. मी प्रमिलाला डोळ्यांनी दटावलं. तिनं ते पाहिलं, आणि "आज" हा शब्द पुन्हा एकदा, पहिल्यापेक्षा मोठ्यानं म्हणाली.

ही नगरमधली, २००२ सालची गोष्ट. फेब्रुवारीतला दुसरा शनिवार होता, म्हणजे मला सुट्टी होती.

आमच्या घरात तोपर्यंत अकरा वर्षं गाणं वाजलेलं नव्हतं. ९१ साली आमच्या कॅसेट डेकचा रबरी पट्टा तुटला. डेक पिशवीत घालून मी दुरुस्तीला निघालो, तर कोपऱ्यावर मेहुणा भेटला. श्रीकांत, प्रमिलाचा धाकटा भाऊ. टेलिफोन खात्यात होता आणि इंग्रजी मासिकं वाचायचा. पिशवीत डोकावून तो म्हणाला, "दाजी, कशाला मढ्यावर खर्च करताय? कॅसेट संपली. आता सीडी." मी पिशवी घेऊन परत आलो. सीडी प्लेअर घ्यायला निघालो तेव्हा तो म्हणाला, "सहा महिने थांबा, मिनी डिस्क येतेय." मिनी डिस्क आली आणि नगरला यायच्या आधीच गेली. मग एका तबकडीत दीडशे गाणी मावणारं एमपी थ्री आलं. मग त्याच्या डोक्यावर सुपर ऑडिओ सीडी आणि तिच्या शेजारी डीव्हीडी ऑडिओ. दर वेळी सहा महिने. आणि मी थांबत गेलो, कारण मला ते पटायचं. माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. शेर-छटाक जाऊन किलो आले, तेव्हा दुकानातली सगळी वजनं एका दिवसात भंगारात गेलेली मी लहानपणी पाहिली होती. प्रमाण ठरल्याशिवाय माप विकत घ्यायचं नाही, हे मी तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

प्रमिलाकडे त्रेचाळीस कॅसेटी होत्या. शिवणाच्या क्लासातून मिळालेल्या पैशांत एकेक करून घेतलेल्या. नाट्यगीतं, भावगीतं, दोन-तीन सतारीच्या. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, डांबराच्या गोळ्यांसकट. खंडेनवमीला मी माझी पितळी वजनं चिंचेनं घासून पाटावर मांडायचो, त्याच पाटावर ती डबा ठेवायची. पूजा झाली की पेन्सिल घेऊन बसायची आणि प्रत्येक कॅसेट एकदा पुढं, एकदा मागं फिरवायची. फीत चिकटू नये म्हणून. वाजवायला यंत्र नाही, पण फिरवायची. अकरा खंडेनवम्या.

मला त्याचं हसू यायचं. मला त्या काळी पुष्कळ गोष्टींचं हसू यायचं.

"या साहेब, या वहिनी," मुथाशेठ उठून उभा राहिला. त्याच्या थोरल्या भावाच्या आडत दुकानातला एक काटा मी पूर्वी जप्त केला होता, त्यामुळे त्या घराण्यात मला मान होता. श्रीकांत आधीच येऊन बसला होता. मांडीवर कागदांचा गठ्ठा होता.

"दाजी, मी सगळं बघितलंय," तो म्हणाला. "घ्यायला हरकत नाही. पण माझं अजूनही मत असं आहे की—"

"सहा महिने," प्रमिला म्हणाली.

"जास्तीत जास्त आठ, ताई. तोवर भावही पडतील."

ती काउंटरजवळच्या स्टुलावर बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरली.

मुथाशेठनं चहा मागवला. चहा येईपर्यंत शेठचं मन रमवायची जबाबदारी श्रीकांतनं माझ्यावर टाकली. "शेठ, आमच्या दाजींची 'तिसरी हाक' ऐकलीय का तुम्ही? नाही? मग नगरमध्ये राहून काय केलंत? दाजी, होऊन जाऊ द्या."

'तिसरी हाक' हा माझा प्रयोग होता. कॉलनीच्या गणपतीत दर वर्षी व्हायचा. पुढं बारशी, मुंजी, कचेरीतले निरोपसमारंभ, कुठंही मागणी यायची. साहित्य काही लागत नसे. एक खुर्ची आणि वर्तमानपत्र.

मी मुथाशेठच्या खुर्चीत बसलो आणि रेट-कार्ड वर्तमानपत्रासारखं उघडलं. पहिली हाक मऊ, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली: "प्रमिलाऽ, चहा टाकतेस का गंऽ?" मग शांतता. प्रेक्षकांकडे बघायचं, पापण्या दोनदा मिटायच्या. दुसरी हाक कचेरीतल्या स्मरणपत्रासारखी: "प्रमिला. उपरोक्त विषयास अनुसरून. चहा." पुन्हा शांतता, पान उलटायचं. आणि मग तिसरी. टाचा उचलायच्या, गळ्याच्या शिरा ताणायच्या आणि छत फोडायचं: "प्र-मि-लाऽऽ!" लगेच पदर खोचल्याचा अभिनय करून, कमरेवर हात ठेवून, बारीक आवाजात: "अगंबाई! ओरडताय काय एवढं? मी काय बहिरी आहे?"

मुथाशेठ हसून हसून गल्ल्यावर वाकला. श्रीकांतनं हे साठ वेळा तरी ऐकलं असेल, तरी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला.

प्रमिला समोरच्या फळीवर लावलेल्या किमतीच्या चिठ्ठ्या वाचत होती. ती या प्रयोगाला कधीच हसायची नाही. त्यामुळे तो जास्तच रंगायचा.

चहा झाला आणि मी कामाला लागलो. विकणाऱ्याच्या शब्दावर मी जन्मात काही घेतलेलं नाही. खिशातून खात्याची पोलादी फीत काढली आणि मुथाशेठच्या फरशीवर त्रिकोण आखायला घेतला. दोन स्पीकर आणि ऐकणारा, तिघांमधलं अंतर सारखं हवं. एक इंच इकडेतिकडे झालं तर आवाजाचा तोल जातो. हे श्रीकांतच्या मासिकात होतं आणि मला त्यातलं तेवढंच कळलं होतं. गुडघ्यांवर रांगत, खडूनं खुणा करून मी खुर्चीची जागा ठरवली.

"आता पंच कोण?" श्रीकांत म्हणाला. "मी बसलो तर मला आधीच सगळं माहीत आहे. दाजी बसले तर त्यांना आधीच संशय."

"प्रमिला बसेल," मी म्हणालो. "तिला यातलं काही कळत नाही. त्यामुळे निकाल निःपक्षपाती येईल."

हे मी कौतुकानं म्हणालो होतो. शपथेवर सांगतो.

ती खुर्चीत येऊन बसली. एकच गाणं तिला तीनदा ऐकवायचं ठरलं: एकदा एमपी थ्रीवरून, एकदा साध्या सीडीवरून, एकदा त्या नव्या सुपर ऑडिओ तबकडीवरून. कोणतं कुठलं ते सांगायचं नाही. जुनं, ठाय लयीतलं गाणं होतं. डावीकडे पेटी, उजवीकडे तबला, मधोमध गाणारी बाई. पूर्वी स्टिरिओ नवीन होतं तेव्हा तशी वाटणीच करून टाकायचे.

गाणं सुरू झालं आणि प्रमिलानं मान उजवीकडे वळवली.

"सरळ बस," मी म्हणालो.

तिनं मान सरळ केली. कडव्याला आलं तशी ती पुन्हा वळली.

"अगं, नाक समोर! मी दीड तास फीत घेऊन रांगलोय ते काय उगाच?"

दीड तास नव्हता, वीस मिनिटं होती. पण मी चिडलो होतो. त्या दिवशी मी सगळ्यांवरच चिडलेला होतो. दर सहा महिन्यांनी नवी तबकडी काढणाऱ्या अज्ञात परदेशी लोकांवर, श्रीकांतच्या गठ्ठ्यावर, मुथाशेठच्या 'साहेब' म्हणण्यावर आणि सगळ्यात जास्त तिच्या त्या 'आज'वर.

तिन्ही गाणी झाली. "बोल ताई," श्रीकांत पुढं सरसावला. "पहिलं, दुसरं का तिसरं?"

"तिन्ही सारखीच."

"सारखी? अगं, पहिल्यात झांजेचं पार पीठ झालं होतं! बरं, एवढं सांग. तबला कुठून येत होता?"

"तबलजीकडून."

मुथाशेठ हसला. श्रीकांत हसला नाही. "ताई, गंमत नको. डावीकडून का उजवीकडून?"

"श्रीकांत, मला कुठलाही चालेल. मला घरी जाऊन गाणं ऐकायचंय. तबल्याचा पत्ता नकोय."

"वहिनी, थांबा," मुथाशेठ म्हणाला. "दुकानात रस्त्याचा आवाज येतो ना, म्हणून बारकावा कळत नाही. हे लावून बघा." त्यानं काचेच्या कपाटातून मोठा, गुबगुबीत हेडफोन काढला. उजवी-डावी बाजू बघून स्वतःच्या हातानं तिच्या कानांवर बसवला आणि तेच गाणं लावलं.

ती ऐकत राहिली. आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, फक्त तिचा चेहरा दिसत होता. तिनं डोळे मिटले होते. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "यात तबला नाहीये."

आम्ही तिघं खदखदून हसलो.

"तबला नाही कसा? गाणं काय तबल्याशिवाय गातायत?" मी हेडफोन काढून माझ्या कानांना लावला. उजवीकडे तबला अगदी जवळ वाजत होता. बोटाचा शाईवर पडलेला आवाजही कळत होता. मी परत तिच्या कानांवर बसवला. "आता?"

"नाही."

आणि मग माझं डोकं तापलं. ते तिच्यावर नव्हे, मुथाशेठवर. कारण मला लख्ख समजलं की हा एका बाजूनं सैल असलेला माल आहे. हलवला की चालतो, ठेवला की बंद पडतो. असले प्रकार मी हजार पाहिले होते.

"शेठ," मी म्हणालो, "तुमच्या भावाच्या काट्याला काय झालं होतं आठवतंय? हेच. एक बाजू खोटी."

"साहेब, नवीन पीस आहे. तुमच्या देखत सील तोडलं."

"देखत तोडलेली सीलं मला शिकवू नका!" माझा आवाज चढला. "आत्ता दाखवतो. तराजूवर संशय आला की आम्ही काय करतो? पारडी बदलतो. डावीकडचं वजन उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. खोट वजनासोबत फिरली तर वजन खोटं. जागच्या जागी राहिली तर तराजू खोटा. साधी गोष्ट आहे, शेंबड्या पोरालाही करता येते." मी हेडफोन उचलला, उलटा केला आणि तिच्या कानांवर परत बसवला. आता तबल्याची बाजू तिच्या डाव्या कानावर होती. "हं. आता सांग. तबला अजूनही नाही ना? म्हणजे हा तुकडाच मेलेला—"

"आला तबला," ती म्हणाली. "पेटी गेली."

मी वाकून हेडफोनवरच्या डाव्या-उजव्याच्या खुणा पुन्हा बघितल्या.

सगळ्यात आधी कळलं ते मुथाशेठला. धान्याच्या पेठेतलं घराणं. पारडी बदलणं म्हणजे काय ते त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. त्यानं हात लांब करून यंत्र बंद केलं आणि गल्ल्यावरच्या बिलबुकाकडे बघायला लागला.

"म्हणजे केबल असेल," श्रीकांत म्हणाला. "उलट लागली असेल."

"केबल नाही, श्रीकांतभाऊ," मुथाशेठ हळू म्हणाला.

खोट जागची हलली नव्हती.

प्रमिलानं स्वतःच हेडफोन काढला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि काउंटरवर ठेवला. "झाली तपासणी?" ती मला म्हणाली. "मग शिक्का मारा."

"प्रमिला... केव्हापासून?"

"तीन वर्षं. पार बंद होऊन दीड."

"तीन वर्षं! आणि तू सांगितलं नाहीस?"

हे मी विचारायला नको होतं. इतक्या वर्षांनीसुद्धा तो प्रश्न परत घेता आला तर मी घेईन. ती ज्या रीतीनं माझ्याकडे बघत होती तसं त्याआधी कोणी माझ्याकडे बघितलं नव्हतं. काटे जप्त केलेले व्यापारीसुद्धा नाही.

"सांगितलं नाही?" ती म्हणाली. "तेव्हाच, त्या वर्षीच्या श्रावणात सांगितलं. म्हटलं, उजव्या कानात घुं होतंय, कमी ऐकू येतंय. तुम्ही म्हणालात, सर्दी असेल, थांब आठ दिवस. मी आठ दिवस थांबले. परत सांगितलं. हा बसला होता." तिनं श्रीकांतकडे बघितलंही नाही, फक्त बोट केलं. "हा म्हणाला, ताईला ऐकायचं नसलं की ताईचा कान बंद होतो. तुम्ही दोघं इतके हसलात, इतके हसलात, की तुम्हाला ठसका लागला आणि पाणी मीच आणून दिलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी गणपती बसले. मंडपात तुम्ही 'तिसरी हाक' केलीत. पहिल्यांदा."

"ताई, अगं मला खरंच—"

"तू गप्प बस. तुझे सहा महिने संपू देत, मग बोल."

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. मुथाशेठ शटर ओढायला उठला, अर्धं ओढलं, मग काय वाटलं कुणास ठाऊक, तसंच ठेवून बाजूला उभा राहिला.

"आणि ते वाक्य," प्रमिला म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता आणि तिला तो आवरायचाही नव्हता. "'मी काय बहिरी आहे.' ते मी कधीही म्हटलं नाही. एकदासुद्धा नाही. ते तुम्ही माझ्या तोंडात घातलंत. मी ओट्याशी उभी असते, तुमची खुर्ची माझ्या उजव्या अंगाला. पहिली हाक मला येत नाही. दुसरी येत नाही. तिसरी तुम्ही रागानं मारता. रागाचं मला अजून ऐकू येतं. तीन वर्षं मला या घरात फक्त रागाचं ऐकू येतंय! आणि त्यावर लोक टाळ्या वाजवतात, आणि मी पहिल्या रांगेत हळदीकुंकवाची साडी नेसून बसते."

मी म्हणालो, "डॉक्टरांना दाखवू. आजच. पुण्याला जाऊ."

"दाखवलं. भजनी मंडळाला जाते म्हणून सांगून गेले. तीन मंगळवार. नस वाळत चाललीय. उजवा गेला. डावाही त्याच वाटेनं निघालाय." ती थांबली. पुढचं वाक्य तिनं अगदी साध्या आवाजात सांगितलं, दूधवाल्याला उद्या अर्धा लिटर कमी म्हणून सांगावं तसं. "दोन वर्षं, म्हणाले. फार तर तीन. काय ऐकायचं ते ऐकून घ्या."

म्हणून 'आज'.

मला कुणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या आणि माणूस सापडत नव्हता. फरशीवर माझा खडूचा त्रिकोण होता, तिन्ही बाजू तंतोतंत सारख्या. त्याच्या एका टोकाला ती बसलेली. सव्वीस वर्षं शेजारी झोपलेलं माणूस. अडत्याचा तराजू अर्ध्या ग्रॅमनं खोटा निघाला तरी मला लांबून कळायचं.

प्रमिला खुर्चीतून उठली. दुकानाच्या मागच्या बाजूला गेली आणि खालच्या फळीवर वाकली. तिथं जुना, न खपलेला माल होता. त्यातून तिनं एक टू-इन-वन ओढून काढला. रेडिओ आणि कॅसेट, वर मूठ, पुढं एकच गोल जाळी. धूळ इतकी की पदरानं पुसावी लागली.

"हा द्या."

"वहिनी, तो नका घेऊ," मुथाशेठ कळवळून म्हणाला. "फार जुना पीस आहे. एकच स्पीकर आहे त्याला. मोनो."

"शेठ, मला कान किती आहेत?"

मुथाशेठनं मान खाली घातली.

आणि इथं मी एक गोष्ट लिहितोय ती लपवता आली असती. एवढं सगळं झाल्यावर, ते सगळं ऐकून, माझ्या तोंडून निघालं, "अगं पण, कॅसेट आता संपली..." सवय. शब्द अर्धा बाहेर पडला तेव्हाच मी तो गिळायला बघितला.

"संपली का जिवंत आहे ते मी ऐकून सांगते," ती म्हणाली. तिनं पर्स उघडली. आत कॅसेट होती. घरातून निघतानाच घेऊन आली होती. म्हणजे आपण काय विकत घेणार आहोत ते तिचं ठरलेलं होतं, आणि माझा त्रिकोण, तीन तबकड्या, तो निःपक्षपाती निकाल, हे सगळं ती एखाद्या मुलाचा खेळ संपायची वाट बघावी तसं बघत होती. मुथाशेठनं वायर लावली. तिनं कॅसेट घालून बटण दाबलं.

आधी नुसती सळसळ. मग एक ओरखडा, एक हेलकावा, सूर लोण्यात पडल्यासारखा घसरला. श्रीकांतनं डोळे मिटले. आणि मग फीत सरळ झाली आणि सतार लागली. खणखणीत. अकरा वर्षं पेन्सिलीनं फिरवलेली फीत कुठंच चिकटली नव्हती.

तिनं डावा कान जाळीजवळ नेला आणि काउंटरवर कोपर टेकून उभी राहिली. आम्ही तीन पुरुष उभे होतो. बाजू संपून बटण आपोआप वर येईपर्यंत तिनं ऐकलं. बावीस मिनिटं.

मग तिनं स्वतःच्या पर्समधून पैसे दिले. मी खिशात हात घातला होता. तिनं नुसतं बघितलं, आणि मी हात खिशातच ठेवला.

डावा कान नऊ वर्षं टिकला. डॉक्टर तीन म्हणाले होते. प्रमिलानं त्यांना खोटं पाडलं. त्या नऊ वर्षांत सुपर ऑडिओ गेली, डीव्हीडी ऑडिओ गेली, एमपी थ्री खिशात मावायला लागलं, मग फोनमध्ये शिरलं. श्रीकांत नियमानं बातमी आणायचा आणि तिच्यासमोर न सांगता परत न्यायचा. टू-इन-वन ओट्यावर, तिच्या डाव्या हाताला असायचा. त्रेचाळीस कॅसेटी ओळीनं वाजायच्या, संपल्या की पुन्हा पहिल्यापासून. माझी खुर्ची मी दुसऱ्याच दिवशी उचलून ओट्याच्या डाव्या अंगाला आणून ठेवली होती. गणपतीत कॉलनीनं 'तिसरी हाक' मागितली तेव्हा मी घसा बसल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षी कोणी मागितली नाही. आता ती माझ्या ओठांवरून वाचते, आणि समोरासमोर बोलल्याशिवाय या घरात काही चालत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी आम्ही दुकानाबाहेर आलो तेव्हा भर दुपार होती आणि कापडबाजारात गर्दी होती. मी स्कूटर काढली. ती खोका घेऊन मागं उभी राहिली, आणि बराच वेळ बसेना.

"बस ना," मी म्हणालो.

बायका स्कूटरवर मागं एकीकडे पाय सोडून बसतात, डावीकडे तोंड करून. पाय ठेवायची पट्टी डावीकडेच असते. सव्वीस वर्षं ती तशीच बसत आली होती. म्हणजे उजवा कान माझ्या पाठीकडे. घरापासून बाजारापर्यंत आणि बाजारापासून घरापर्यंत मी समोर बघत अखंड बोलत यायचो. माझे सगळ्यात चांगले विनोद मला स्कूटरवर सुचायचे. गेल्या दोन-तीन वर्षांत ती कधी हसली नव्हती. मी म्हणायचो, हिला विनोदाचं अंगच राहिलं नाही.

ती स्कूटरला वळसा घालून दुसऱ्या बाजूला आली आणि उजवीकडे तोंड करून बसली. तिकडे पाय ठेवायला काही नव्हतं. पाय लोंबकळत राहिले. एका हातात खोका, दुसऱ्या हातानं तिनं माझा खांदा धरला, प्रेमानं नाही, पडू नये म्हणून. पानाच्या टपरीवरची माणसं वळून बघायला लागली. एक बाई ओरडली, "अहो ताई, उलट्या बसलात!"

"सुलट बसलेय," प्रमिला म्हणाली. मग माझ्या कानामागून, अगदी जवळून म्हणाली, "हं. बोला आता. पहिल्या हाकेलाच ऐकू येईल."

मी गाडी सुरू केली. घर सव्वातीन किलोमीटर होतं. ते अंतर मी स्वतः मोजलेलं होतं. बाजार मागं पडला, वेशीचा चढ गेला, सावेडीचा रस्ता लागला. ती वाट बघत होती. तिचा डावा कान माझ्या खांद्याशी होता. पण मला एक शब्द सुचला नाही.